मोर्शीकडचे बोर्ड पेंटर काका: अक्षर एक नंबर, टाइमचं मात्र विचारू नका

पहिले वाईट सांगून टाकतो. आठ दिवसात देतो म्हटलेला बोर्ड महिन्यावर गेला, फोन ते उचलत नाहीत आणि दुकान कधी उघडं राहीन याचा काही नेम नाही. ज्याचं उद्घाटन परवावर आलं त्यानं सरळ फ्लेक्सवाल्याकडे जावं.

आमची संत्रा कलमांची नर्सरी आहे. आधी फ्लेक्सच लावला होता बाप्पा, त्यात फॉन्टची काय गडबड झाली माहीत नाही, 'संत्रा'तला त पाय मोडून एकीकडे अन् र दुसरीकडे, आणि उन्हाळ्यात तो पूर्ण पांढरा पडला ते वेगळंच. मग कोणीतरी या काकांचं नाव सांगितलं.

काकानं रेट सांगायच्या आधी विचारलं, बोर्ड रस्त्यापासून किती लांब, गाड्या कोणत्या अंगानं येतात, झाडाची सावली पडते का. मग जुन्या कॅलेंडरच्या मागं बोरूनं 'संत्रा' लिहिणं सुरू, एक झाला की दुसरा, त्र ची तिरपी रेघ कुठून काढायची यावरच अर्धी दुपार गेली. मले तर सगळे सारखेच दिसून राहिले होते, पण त्यांनी दोन बाजूबाजूले ठेवून दाखवले तेव्हा समजलं, एकात त्र काना ले खेटून बसला होता, दुसऱ्यात मोकळा. पत्र्यावर निळीच्या सुतळीनं लाईन मारली, फ्लॅट ब्रशनं अक्षरं भरली, शिरोरेखा सगळ्यात शेवटी. का म्हणून विचारलं तर म्हणे, "रेघ आधी मारली की अक्षरं खुंटीवरच्या कपड्यासारखी लटकतात."

काकाले हे अक्षराचं वेड लागलं कुठून, तर महानुभाव पंथाच्या रिद्धपूरले. लहानपणी आजीसोबत जायचे, तिथं महानुभावांच्या पोथ्या पाहिल्या. लीळाचरित्र तेराव्या शतकात तिथंच लिहिल्या गेलं हे आपल्याले शाळेत शिकवतात, पण या पंथाच्या पोथ्या नंतर सकळ लिपीत उतरवायचे, एका अक्षराच्या जागी दुसरंच चिन्ह, विसाव्या शतकाच्या सुरवातीपर्यंत बाहेरच्या माणसाले त्या वाचताच येत नव्हत्या, ते मले काकाकडूनच समजलं. ते म्हणतात, वाचता येत नव्हतं म्हणूनच मी नुसतं अक्षर पाहत बसलो.

नंतर पेपरातल्या नाटकांच्या जाहिराती कापून ठेवायची सवय लागली, त्यातली कमल शेडग्यांनी हातानं काढलेली अक्षरं. ती वही अजून आहे, कडा पिवळ्या पडल्या, हात धुवूनच हातात देतात. सुलेखनकार अच्युत पालवांनी मोडीवरून मुक्तलिपी नावाची अक्षरशैली कशी काढली हे सांगताना तर चहा थंडा होते पण माणूस थांबत नाही. कॉम्प्युटरच्या अक्षराले दिवसभर नावं ठेवतील, पण विंडोजमधला मंगल फॉन्ट करणारे र. कृ. जोशी मुळात हातानं लिहिणारे होते म्हणून त्यांच्याबद्दल एक शब्द वाकडा नाही!

रविवारी पोट्ट्यांचा क्लास असते, कागद आपला न्यायचा. आमच्या भाचीले मी ऑनलाइन कट निबचा, म्हणजे चपट्या कापलेल्या टोकाच्या पेनांचा, सेट घेऊन दिला होता, तो त्यांनी बाजूले ठेवला, इंग्रजीचा तिरपा कट देवनागरीले उलटा पडते म्हणे, जाड रेघ बारीक होते आणि बारीक जाड. तिथंच बोरूसाठी बरू घेतला, ब्लेडनं तिरपा कापला, मधात चीर दिली, नखावर टोक घासून पाहिलं आणि तिच्या हातात दिला. शाई काजळी आणि बाभळीच्या डिंकाची, घरीच घोटलेली. कपड्यावर पडली तर घरचे बोलतीन, जुना ड्रेस घालून पाठवा.

पैसे फ्लेक्सपेक्षा बरेच जास्त लागतात, पण पत्र्यावरचा इनॅमल आहे, एका उन्हाळ्यात जाणार नाही. गिऱ्हाईक आता बोर्डापाशी थांबून फोटो काढून राहिले, कलमा घेवो न घेवो. साडेचार स्टार, अर्धा उशिराचा कापला.

जायचं असेल तर जागेचा फोटो आणि माप सोबत न्या आणि मजकूर कमी ठेवा, त्यावरून ते लय चिडतात. आमच्या बाबांनी हट्टानं चार मोबाईल नंबर टाकायले लावले, काकानं टाकले, पण इतके बारीक की वाचायले गाडीवरून उतरूनच यावं लागते.