हॅरोमधला आमचा रेझिन ड्राइव्हवे, एक हिवाळा काढल्यानंतरचा रिव्ह्यू (४ स्टार)

आमचं घर लंडनमध्ये हॅरोला, सेमी-डिटॅच्ड (एका बाजूने शेजारच्या घराला जोडलेलं), पुढे साधारण ४५ स्क्वेअर मीटरचा ड्राइव्हवे, म्हणजे गाडी लावायची जागा, आधीच्या मालकाने केलेलं काँक्रीट आणि त्याला मधोमध आडवी चीर. त्याजागी रेझिन बाउंड, म्हणजे चिकट रेझिनमध्ये कालवलेल्या बारीक खडीचा थर, करायचं दोन वर्षं नुसतं घोळत होतं, शेवटी गेल्या उन्हाळ्यात करून घेतलं. मुद्दाम हिवाळा जाऊ दिला आणि आता लिहितेय, कारण पहिल्या महिन्यात कोणाचाही रेझिन ड्राइव्हवे सुंदरच दिसतो.

तीन जणांकडून कोटेशन घेतलं. पहिल्या दोघांनी आल्या आल्या खड्यांच्या सॅम्पलची पेटी उघडली आणि मीही त्यातच गुंतले, हा सोनेरी घेऊ का तो करडा. पहिला म्हणाला काँक्रीट जेटवॉश करून प्रायमर मारतो आणि वरूनच रेझिन घालतो, दोन दिवसांत मोकळे. दुसरा म्हणाला काँक्रीट काढतो, टाइप वन (पायाची खडी) टाकून वर साधा डेन्स, म्हणजे घट्ट, टार्मॅक (डांबरी थर) करतो आणि मग रेझिन, पाणी आरपार जातं त्यामुळे परमिशन लागत नाही. तिसरा आला तो गाडीतून फावडं घेऊनच उतरला. फुलझाडांच्या वाफ्याशेजारी गुडघाभर खड्डा घेतला, खालची माती तळहातावर घेऊन वातीसारखी लांब वळली, ती तुटलीच नाही, मग खड्ड्यात बादलीभर पाणी ओतलं आणि म्हणाला चहा घेऊ. अर्ध्या तासाने जाऊन बघतो तर पाणी जवळजवळ तिथंच. हा इथला लंडन क्ले, चिकण माती, पावसाळी दिवसात फुगते आणि कोरड्या उन्हाळ्यात आक्रसते. काम मी त्यालाच दिलं, सगळ्यात स्वस्त कोटेशनच्या जवळपास दीडपट पैसे लागले तरी.

इथं जरा सविस्तर सांगते कारण मला स्वतःला हे कोणी आधी सांगितलं नव्हतं. रेझिन बाउंड म्हणजे खडी आणि रेझिन मिक्सरमध्ये कालवून थापीने पसरलेला थर, गाड्यांसाठी तो साधारण १५ ते १८ मिलिमीटरच असतो, बोटभर जाड सुद्धा नाही. त्याच्या अंगात स्वतःची ताकद फारशी नाही, खालचा पाया जसा हलेल तसा तो हलणार. काँक्रीटला चीर असेल तर ती आज ना उद्या वर उमटते. आमच्या गल्लीतच एका घरी जुन्या काँक्रीटवर असंच केलं होतं, २०२२ चा तो भयंकर उन्हाळा झाला (इंग्लंडमध्ये पहिल्यांदा ४० अंशांच्या वर गेलं होतं) आणि त्यानंतर जिथे खाली चीर होती बरोबर तिथेच वर रेषा आली, आता दुरुस्त केलेला पट्टा वेगळ्या रंगाचा दिसतो, फार वाईट वाटतं बघून. म्हणजे काँक्रीटवर करूच नये असं नाही, ते धड असेल, कुठे हलत नसेल, उतार नीट असेल तर करतात, फक्त त्याचे जॉइंट वरच्या थरात तसेच सोडावे लागतात आणि पाणी खाली मुरत नाही हे धरून चालावं लागतं. विटांच्या ब्लॉकवर किंवा नुसत्या मातीवर कोणी घालतो म्हणाला तर सरळ नाही म्हणा.

पाण्याचंही तसंच. इंग्लंडमध्ये ऑक्टोबर २००८ पासून नियम आहे, घरापुढे ५ स्क्वेअर मीटरपेक्षा जास्त जागेत पाणी न मुरणारं काही केलं आणि ते पाणी स्वतःच्याच वाफ्यात वगैरे सोडलं नाही तर प्लॅनिंग परमिशन लागते. दुसऱ्या कोटेशनवाल्याचं म्हणणं इथेच चुकत होतं. वरचं रेझिन चाळणीसारखं असलं तरी खाली डेन्स टार्मॅक असेल तर पाणी जाणार कुठे? टाइप वनमध्ये भुकटी असते, ती दाबली की घट्ट बसते, म्हणून पाणी मुरवायचं तर टाइप थ्री, म्हणजे बारीक कच जवळजवळ नसलेली खडी, मध्ये पोकळ्या राहतात आणि पाऊस त्यात साठून सावकाश जमिनीत जातो. माती चिकण असली की मुरायला वेळ लागतो, मग खडीचा थर जाड घ्यायचा.

आमच्याकडे शेवटी झालं ते असं: सगळं काँक्रीट उचललं, जिओटेक्स्टाइलचं कापड (खडी आणि माती वेगळी ठेवणारं), त्यावर २५० मिलिमीटर टाइप थ्री थराथरांनी दाबून, मग ओपन ग्रेडेड, म्हणजे पाणी आरपार जाऊ देणारा, टार्मॅक, मग रेझिन. कडेला ब्लॉक काँक्रीटमध्ये बसवले. बाबा सातारला असतात, पीडब्ल्यूडीतून रिटायर झालेत, मी व्हिडिओ कॉलवर कौतुकाने खड्यांचे रंग दाखवतेय तर म्हणाले, "अगं रंग राहू दे, खाली सोलिंग किती घेतलंय ते दाखव." मी टेप लावून दाखवलं तेव्हा कुठे समाधान झालं.

टार्मॅक झाल्यावर दोन आठवडे थांबलो. तो मोकळ्या खडीचा असतो त्यामुळे सुरुवातीला नाजूक, उभ्या गाडीचं स्टिअरिंग फिरवलं तरी खडे सुटतात, म्हणून गाडी रस्त्यावरच ठेवली. रेझिनच्या दिवशी आभाळ आलं तर त्याने तारीख पुढे ढकलली आणि ते बरोबरच केलं, हे रेझिन पॉलियुरेथेनचं असतं, ओल लागली की ते फेसाळतं आणि पांढरं पडतं. नंतर जमलं त्या दिवशी चार माणसं, एक मिक्सरवर, प्रत्येक घाण्याची वेळ मोजून एकसारखी, बाकीचे काटेरी बूट घालून थापीने पसरवत होते, कुठेही जोड दिसत नाही. रेझिन यूव्ही स्टेबल घेतलंय, साधं उन्हाने पिवळट होतं.

हिवाळ्यात मुसळधार पावसातही डबकं नाही, आणि बर्फ वितळल्यावर गॅरेजच्या दारापाशी पूर्वी जो काचेसारखा थर जमायचा तो यंदा जमलाच नाही, माझ्यासाठी हेच सगळ्यात मोठं, कारण सासूबाई तिथेच घसरल्या होत्या.

तक्रारी दोन. तारीख बदलली ते आम्हाला सकाळी साडेआठला कळलं, तोवर मी रजा टाकून बसले होते. आणि मॅनहोलचं खोलगट झाकण, ज्यात रेझिन भरतात, ते कोटेशनमध्ये नव्हतं, काम अर्ध्यावर आल्यावर वेगळे पैसे मागितले. खड्डा खणून माती बघणाऱ्या माणसाला समोरचं मॅनहोल पहिल्याच दिवशी दिसलं असणार, तेव्हाच लिहायला हवं होतं. एक स्टार त्याचा कापलाय.