कस्टोडिऑल: महाधमनीच्या मोठ्या ऑपरेशनमध्ये किडनीसाठी घ्यावे का?

छाती-पोटातली महाधमनी उघडून बदलायची आणि दोन्ही किडन्यांचा रक्तपुरवठा अर्ध्या तासापेक्षा जास्त बंद राहणार असेल, तर किडनीत सोडायला थंड रिंगर लॅक्टेटऐवजी (शिरेतून देतात ते नेहमीचे क्षारद्रावण) कस्टोडिऑल हे अवयव जपणारे द्रावण जरूर घ्यावे. क्लॅम्प (महाधमनी बंद करणारा चिमटा) किडनीच्या धमन्यांच्या खाली बसत असेल तर त्यावर पैसे घालवू नयेत.

हृदयाच्या थिएटरमध्ये कार्डिओप्लेजिया (ऑपरेशनपुरते हृदय थांबवणारे द्रावण) म्हणून हे ओळखीचे आहे: जर्मनीच्या ब्रेटश्नायडर यांचे एचटीके (हिस्टिडीन-ट्रिप्टोफॅन-कीटोग्लुटारेट) द्रावण. लिटरमागे सोडियम फक्त १५ मिलिमोल, पोटॅशियम ९, हिस्टिडीन जवळपास २००, मॅनिटॉल ३०. खरा फरक हिस्टिडीनचा. रक्त थांबल्यावर पेशीत साठणारे आम्ल ते शोषून घेते. रिंगर किडनी थंड करते, पण आम्लाला आवर घालत नाही. मॅनिटॉल पेशींची सूज रोखते.

पुरावा मिलानच्या सान राफाएले रुग्णालयाचा. तिथल्या ९० रुग्णांच्या चाचणीत किडनीची तीव्र इजा रिंगर गटात ७५.६ टक्के, तर एचटीके गटात ४८.९ टक्के रुग्णांना झाली. फरक मोठा आहे, पण केंद्र एकच आणि रुग्ण थोडे. शिवाय एचटीके घेऊनही जवळपास निम्म्यांना इजा झालीच, हे नातेवाइकांशी बोलताना लपवू नये.

द्रावण चांगले असले तरी ते किडनीत थंडच पोहोचले पाहिजे, आणि घोळ बहुतेक वेळा इथेच होतो. फ्रिजमधून ४ अंशांवर काढलेली पिशवी लांब नळीतून येईतो कोमट होते. म्हणून पिशवी बर्फात, नळी आखूड, आणि कॅथेटर बसवण्याआधी नळीतले साचलेले द्रावण व हवा बाहेर काढून टाकावी. ९ फ्रेंचचा (३ मिमी जाडीचा) बलून कॅथेटर, म्हणजे टोकाशी फुगा असलेली नळी, किडनीच्या धमनीच्या तोंडाशीच थांबवावा. आत सरकला तर लवकर फुटणारी फांदी बंद होते आणि किडनीचा एक ध्रुव उष्णच राहतो. जास्त फुगवला तर आतले अस्तर फाटते. डिसेक्शन (भिंतीचे थर फाटून खऱ्या पोकळीशेजारी खोटी पोकळी होणे) असेल तर तोंड खऱ्या पोकळीतूनच उघडते ना, हे सीटीवर आधीच पाहून ठेवावे. प्रवाह देताना दाब अचानक घसरला तर बलून निसटला असे समजा, चढला तर टोक भिंतीला टेकले. एकदाच देऊन थांबू नये, किडनी परत तापते. ठरावीक मिनिटांनी थोडे थोडे देत राहावे.

आता तोटा, आणि तो गंभीर आहे. दिलेले द्रावण किडनीच्या शिरेतून थेट रुग्णाच्या रक्तात जाते. पेशीबाहेरचे पाणी १५ लिटर धरले तर १ लिटर कस्टोडिऑल सोडियम १४० वरून साधारण १३२ वर आणते, २ लिटर १२५ वर. आकडा पाहून घाईने तीव्र सलाइन सोडू नये: द्रावणाची ऑस्मोलॅलिटी (विरघळलेल्या कणांची एकूण घनता) रक्तासारखीच, ३१० च्या आसपास असल्याने हे नुसते पाणी वाढल्यासारखे नसते. आधी ऑस्मोलॅलिटी मोजा. ती नीट असेल तर वाट पाहा. एबीजी (धमनीतल्या रक्ताची वायू-आम्ल तपासणी) वारंवार करा, कॅल्शियमवर नजर ठेवा आणि शरीराच्या तापमानाबद्दल भूलतज्ज्ञांशी आधी बोलून ठेवा. मॅनिटॉलमुळे लघवी भरपूर दिसते. तेवढ्यावरून किडनी वाचली असे मानू नका, रक्तातले क्रिएटिनिन (किडनीच्या कामाचा निर्देशक) रोज पाहा.

कस्टोडिऑल परवडत नसेल तर ४ अंशांच्या रिंगर लॅक्टेटमध्ये लिटरमागे १२.५ ग्रॅम मॅनिटॉल आणि १२५ मिलिग्रॅम मिथाइलप्रेडनिसोलोन (स्टिरॉइड), ही अमेरिकेतल्या ह्यूस्टनच्या सर्जनांची जुनी पाककृती आहेच. काहीच थंड न देण्यापेक्षा ती कितीतरी बरी. फ्युरोसेमाइड (लघवी वाढवणारे औषध) किंवा कमी डोसच्या डोपामिनवर मात्र भिस्त ठेवू नये. त्यांनी किडनी वाचते असे सिद्ध झालेले नाही.