नेकबँड की सुटे इअरबड: रोजच्या वापरातून केलेली तुलना

स्वस्तातले ब्लूटूथ हेडफोन घ्यायला निघालेल्या माणसापुढे आज प्रामुख्याने दोन पर्याय असतात: गळ्यात अडकवायचा नेकबँड, किंवा डबीतून काढून कानात घालायचे सुटे इअरबड. २०१६ साली ॲपलने एअरपॉड्स आणल्यानंतर सुट्या इअरबडची जी लाट आली ती काही वर्षांतच अगदी स्वस्त श्रेणीपर्यंत पोहोचली आणि नेकबँड हा जणू मागच्या पिढीचा प्रकार ठरला. फोनवर बोलणे, ऑनलाइन बैठका, चालताना आणि रात्री ऐकणे अशा नेहमीच्या कामांसाठी मी हे दोन्ही प्रकार बराच काळ वापरले आहेत. ब्लूटूथची आवृत्ती, ड्रायव्हरचा म्हणजे आतल्या छोट्या स्पीकरचा व्यास वगैरे तपशील खोक्यावर छापलेले असतातच आणि या श्रेणीत त्यांवरून फारसे काही ठरत नाही. म्हणून ते इथे सोडून देतो.

आवाजाच्या बाबतीत दोघांत डावे-उजवे करण्यासारखे फार थोडे आहे. या श्रेणीतले बहुतेक संच फोनशी एसबीसी या ब्लूटूथच्या मूलभूत कोडेकने (आवाज आटोपशीर करून पाठवण्याच्या पद्धतीने), किंवा फार तर एएसी या दुसऱ्या कोडेकने जोडले जातात, आतले ड्रायव्हर जवळपास एकाच दर्जाचे असतात आणि खर्ज थोडा मुद्दामच वाढवून ठेवलेला असतो. खरा फरक पडतो तो सिलिकॉनची टिप कानात नीट बसते की नाही यावर. टिप आणि कान यांच्यात जराशी फट राहिली तरी खर्ज निघून जातो आणि चांगला संचही पत्र्यासारखा वाजू लागतो. खोक्यात दिलेल्या लहान-मोठ्या टिप लावून न पाहताच ‘आवाजात दम नाही’ असा निकाल देणारे पुष्कळ भेटतात. इथे नेकबँडच्या बाजूने एक गोष्ट नोंदवायला हवी. त्याची बॅटरी आणि सर्किट गळ्यातल्या पट्ट्यात असल्यामुळे कानातला भाग हलका राहतो आणि एकदा बसला की सहसा जागचा हलत नाही, तर इअरबडची बॅटरीही कानालाच पेलावी लागते आणि बराच वेळ बोलत राहिल्यास जबड्याच्या हालचालीने तो हळूहळू सैल होतो. अर्थात कानाची ठेवण प्रत्येकाची निराळी असल्यामुळे माझा हा अनुभव सर्वांना लागू पडेलच असे नाही.

‘गाणी छान वाजतात, पण फोनवर आवाज दबका येतो’ ही तक्रार दोन्ही प्रकारांबाबत ऐकू येते आणि तिचे कारणही एकच आहे. माइक सुरू झाला की ब्लूटूथ संगीताची वाट सोडून संभाषणाच्या वेगळ्या वाटेवर जाते. तिथे जुन्या पद्धतीत आवाजाचे सेकंदाला ८,००० आणि सुधारलेल्या पद्धतीत १६,००० नमुने घेतले जातात, तर संगीतासाठी हा आकडा साधारणपणे ४४,१०० असतो. संगणकावर बैठकीत माइक चालू करताच मागे लावलेले गाणे एकदम बसक्या आवाजात येऊ लागते ते यामुळेच. त्यामुळे केवळ या कारणावरून संच परत करण्यात अर्थ नाही, कारण बदलून आणलेलाही तसाच वागेल. समोरच्याला आपला आवाज कसा जातो हे मात्र माइकच्या जागेवर बरेचसे अवलंबून असते. नेकबँडचा माइक वायरवरच्या बटणांच्या डबीत किंवा पट्ट्याच्या टोकाला असतो आणि सदऱ्याच्या कॉलरला घासला की खरखर जाते; खाली दांडी असलेल्या इअरबडचा माइक गालाजवळ येतो आणि शांत खोलीत आवाज अधिक स्वच्छ जातो. वाहत्या रस्त्यावर दोघेही सारखेच हतबल होतात. खोक्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलेले ‘ईएनसी’ हे आपल्या माइकमधून जाणारा भोवतालचा गोंगाट कमी करण्यासाठी असते; आपल्या कानावर येणारा गोंगाट कमी करणारे ते एएनसी, आणि ते या श्रेणीत मिळालेच तरी पंख्याची किंवा इंजिनाची सलग घरघर थोडी कमी करते, माणसांचे बोलणे फारसे थांबवत नाही.

माझ्यापुरता निर्णय झाला तो मात्र एका अगदी क्षुल्लक वाटणाऱ्या गोष्टीवरून, आणि ती गोष्ट म्हणजे इअरबडची डबी.

प्रत्येक इअरबडच्या खालच्या अंगाला धातूचे बारीक ठिपके असतात आणि डबीच्या खळग्यात त्यांच्या बरोबर समोर स्प्रिंगवर बसवलेल्या सोनेरी पिना असतात. चुंबक बडला खाली ओढतो, ठिपका पिनेला टेकतो, आणि त्या स्पर्शावरूनच बडला कळते की आपण डबीत आलो आहोत. मग तो फोनशी असलेले नाते तोडतो, झोपी जातो आणि चार्ज होऊ लागतो. सगळी मदार या स्पर्शावर. कानातला मळ, घाम आणि खिशातली धूळ यांचा पातळ थर या ठिपक्यांवर बसत जातो, आणि काही महिन्यांनी असा दिवस येतो की दोहोंपैकी एकाचा स्पर्श होतच नाही. त्याचा पहिला परिणाम असा की सकाळी उजवा बड पूर्ण चार्ज असतो आणि डावा निष्प्राण. हे एक वेळ चालवून घेता येते. दुसरा परिणाम अधिक त्रासदायक आहे: ज्या बडला आपण डबीत आहोत हे कळलेच नाही, तो बंद झाकणाखाली जागाच राहतो आणि फोनशी जोडलेलाही राहतो. मग फोन वाजतो, आपण तो उचलून कानाला लावतो आणि काहीच ऐकू येत नाही, कारण समोरच्या माणसाचे ‘हॅलो, हॅलो’ बॅगेतल्या डबीत चाललेले असते आणि आपले शब्दही कदाचित तिथल्याच माइकची वाट पाहत असतात. फोन कानापासून दूर करायचा, पडद्यावर आवाजाचा पर्याय शोधायचा, ब्लूटूथ सोडून फोन निवडायचा, आणि तोवर समोरच्याने बहुधा फोन ठेवलेला असतो.

कोरड्या कापसाच्या काडीने ठिपके आणि पिना पुसल्या की काही दिवस सुरळीत जातात. पुढे मला सवयच लागली होती की बड डबीत ठेवल्यावर अंगठ्याने किंचित दाबायचा, त्याचा बारीक लाल दिवा लागला हे पाहायचे आणि मगच झाकण लावायचे. एवढी सेवा करून घेणारी वस्तू सोयीची म्हणावी की नाही, हा प्रश्न तेव्हा पडू लागला. महागड्या संचांत ही जोडणी अधिक नेटकी असू शकेल, आणि स्वस्तातलेही सगळेच संच असे वागतात असा माझा दावा नाही; पण मी वापरलेल्या एकाहून अधिक संचांत हा दोष उशिरा का होईना उगवला, आणि खरेदीच्या दिवशी तो दिसण्याचा कोणताही मार्ग नाही.

नेकबँडला डबीच नाही. केबल थेट पट्ट्यात खुपसायची आणि बटण दाबून तो बंद करायचा, इतकाच व्यवहार. मात्र ज्या नेकबँडमध्ये दोन्ही टोके चुंबकाने एकमेकांना चिकटली की तो बंद होतो आणि सुटली की चालू होतो, त्यांत बॅगेत टोके सुटून अशीच फजिती होऊ शकते. म्हणून वेगळे चालू-बंद बटण असलेलाच घ्यावा असे मी सुचवीन.

बॅटरीच्या बाबतीत खोक्यावरचे तास पाहण्यापेक्षा तिचे वय कसे वाढणार हे पाहणे अधिक उपयोगाचे आहे. एका इअरबडमध्ये साधारण ३० ते ५० एमएएचची बॅटरी असते, तर नेकबँडमध्ये तिच्या कित्येक पट मोठी. लिथियम-आयन बॅटरी साधारण ३०० ते ५०० वेळा पूर्ण चार्ज-डिस्चार्ज झाली की तिची क्षमता मूळच्या ८० टक्क्यांच्या आसपास येते असे ढोबळपणे धरले जाते. रोज चार-पाच तास वापरणाऱ्याच्या इअरबडचे असे एक चक्र जवळपास दररोज पुरे होते, नेकबँडचे मात्र चार-पाच दिवसांतून एकदा. शिवाय इअरबड डबीत असताना सतत पूर्ण चार्जवर राहतो, आणि तेही लिथियम बॅटरीला मानवत नाही. त्यातच फोनवर बोलताना एकच बड वापरण्याची सवय असेल तर दोघांचे वय निरनिराळ्या वेगाने वाढते आणि शेवटी जोडीतला एक तासभर आधीच मान टाकतो. स्वस्त संचात एकटा बड बदलून मिळणे कठीण, त्यामुळे एक गेला की दोन्ही गेल्यासारखेच. हरवला तरी तेच.

नेकबँडचे दोष लपवण्यात अर्थ नाही. चालताना वायर कपड्याला घासल्याचा आवाज थेट कानात येतो, पट्टा हलका असेल तर तो एका बाजूला घसरत राहतो, आणि उंच कॉलरचा कोट किंवा मफलर घातला की मान वळवताना एका कानातले टोक ओढले जाते. उशीला टेकून ऐकताना तो मानेखाली टोचतो. त्याचे दुखणेही ठरलेले आहे: वायर जिथे कानातल्या भागात शिरते तिथे ती वारंवार वाकून आतून तुटते आणि एका बाजूचा आवाज आधी येत-जात राहतो, मग कायमचा बंद होतो. घेताना या सांध्यावर रबराची लांबट, लवचिक बाही आहे का हे बोटाने वाकवून पाहावे. नसेल तर दुसरा नग पाहिलेला बरा.

ज्यांचे बहुतेक ऐकणे आडवे पडून होते, किंवा एकच कान मोकळा ठेवून काम करावे लागते, त्यांनी इअरबड घ्यावेत आणि पिना पुसण्याचे काम आनंदाने पत्करावे. व्यायाम करताना गळ्यात काहीही नको असेल तरी तेच. मात्र घामासाठी घेत असाल तर आयपीएक्स४ म्हणजे उडणाऱ्या पाण्यापासून संरक्षण एवढेच, हे ध्यानात असू द्यावे. शिवाय ते मानांकन बहुधा बडचे असते, डबीचे नव्हे, म्हणून ओले बड तसेच डबीत टाकू नयेत. दिवसभर फोन येत-जात असतात, मधूनमधून कानातले काढावे आणि पुन्हा घालावे लागते, आणि प्रत्येक वेळी ते कुठे ठेवले याची चिंता नको असते, अशा माणसाला मात्र काढून छातीवर लोंबते सोडता येणारे साधन अधिक मानवते, निदान मला तरी मानवले.

परत करण्याची मुदत संपायच्या आत दोन-तीन गोष्टी स्वतः करून पाहाव्यात. फोन मागच्या खिशात ठेवून चालावे. शरीरातले पाणी ब्लूटूथच्या २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी बऱ्याच प्रमाणात शोषून घेते, त्यामुळे कमकुवत अँटेनाचा संच तेवढ्यातच अडखळू लागतो. एखादा खेळ लावून बटण दाबणे आणि आवाज येणे यांतले अंतर पाहावे, कारण चित्रफितीत ॲप हे अंतर सांभाळून घेते, खेळात ते उघडे पडते. आणि तुमच्याकडे दोन्ही टोकांना टाइप-सी असलेली केबल असेल तर तिने चार्जिंग सुरू होते का हेही पाहावे: काही स्वस्त उपकरणांत टाइप-सी खाच असूनही उपकरण जोडल्याची खूण चार्जरला देणारा आतला आवश्यक रेझिस्टर बसवलेला नसतो, मग अशी केबल आणि चार्जर कितीही चांगले असले तरी वीज सुटतच नाही, आणि एका टोकाला जुना चौकोनी यूएसबी असलेली केबल वेगळी बाळगावी लागते.