परसातली चेरी: गोड लावावी की आंबट?

डेट्रॉइटच्या आसपास घर घेतलेल्या मराठी मंडळींकडून दर वसंतात हा प्रश्न येतो. मागच्या अंगणात एका, फार तर दोन झाडांची जागा आहे, चेरी लावायची हे ठरलंय, पण कोणती? झाड किती उंच होतं, थंडीच्या कोणत्या झोनमध्ये तगतं, ऊन किती लागतं हे सगळं नर्सरीतल्या पाटीवर असतंच, ते इथे पुन्हा लिहीत नाही. पाटीवर जे नसतं तेवढंच लिहितो. आमच्याकडे आधी स्टेला लावली, म्हणजे गोड. दुसऱ्या झाडाची वेळ आली तेव्हा मॉन्टमोरेन्सी लावली, म्हणजे आंबट. लॅपिन्स आणि रेनिअर मित्रांच्या अंगणात जवळून पाहिल्यात, आणि अर्थातच खाल्ल्यात.

आधी गोड चेऱ्यांबद्दल. दुकानात मिळते ती काळपट लाल, टणक चेरी बहुधा बिंग असते. १८७५ च्या सुमारास ओरेगनमधल्या मिलवॉकी गावी सेथ लेवेलिंगच्या बागेत ती तयार झाली, आणि तिथल्या आह बिंग या चिनी मुकादमाचं नाव तिला मिळालं. चव उत्तमच. पण बिंग एकटी फळत नाही, तिला जोडीदार लागतो, आणि तोही कुठलाही चालत नाही. बिंग आणि लॅम्बर्ट शेजारी शेजारी लावल्या तरी फळ धरत नाही, कारण परागणाच्या हिशेबात त्या सगोत्र! एका झाडाच्या अंगणात हा पत्रिका जुळवण्याचा उद्योग नको, म्हणून बिंग मी यादीतून आधीच काढली.

रेनिअर ही बिंग आणि व्हॅन या दोन गोड जातींच्या संकरातून १९५२ साली वॉशिंग्टन राज्यातल्या प्रॉसरला तयार झाली. पिवळी, गालावर लाली, आणि चवीत माझ्या मते सगळ्या गोड चेऱ्यांत वरचढ. तिलाही जोडीदार लागतो. शिवाय बोट जरा जोरात लागलं की साल तपकिरी पडते. झाडाखाली उभं राहून खायला अप्रतिम, डब्यात भरून कुणाला द्यायला तितकीशी नाही.

राहिल्या स्टेला आणि लॅपिन्स. दोन्ही कॅनडातल्या समरलँडच्या संशोधन केंद्रातल्या, दोन्ही एकट्यानं फळणाऱ्या. स्टेला १९६८ ची, तर लॅपिन्स तिचीच लेक, व्हॅनशी झालेल्या संकरातली. गोडच हवी आणि झाड एकच लावायचं असेल तर निवड या दोघींतच करावी, असं मला वाटतं. स्टेला चवीला जरा जास्त रसाळ. लॅपिन्स मोठी आणि घट्ट, पण उशिरा पिकते.

आता ज्या गोष्टीनं माझ्यापुरता निकाल लागला ती सांगतो. पाऊस.

आपल्याकडे वळवाचा पाऊस आंब्याचं काय करतो हे सगळ्यांना माहीत आहे. मिशिगनमध्ये जूनअखेर ते जुलैच्या मध्यापर्यंत गडगडाटी पाऊस कधीही येतो, आणि गोड चेरी नेमकी तेव्हाच पिकत असते. पिकायला आलेल्या चेरीत साखर भरलेली असते. फळ ओलं राहिलं की सालीतून पाणी आत ओढलं जातं, साल तेवढी ताणत नाही, आणि फळ फुटतं. देठाजवळच्या खळग्यात पाणी साचतं, तिथे तर वर्तुळाकार चीर हमखास. दुसऱ्या दिवशी ऊन पडलं की त्या चिरेतून तपकिरी बुरशी शिरते, गांधीलमाश्या येतात, आणि एक सडकं फळ घोसातल्या सगळ्यांना घेऊन जातं. फळ जितकं पक्व तितकं जास्त फुटतं, म्हणजे नुकसान नेमकं सगळ्यात चांगल्या फळांचं.

वॉशिंग्टन राज्यातले मोठे बागायतदार पाऊस थांबला की बागेवरून हेलिकॉप्टर फिरवतात, पंख्याच्या वाऱ्यानं फांद्यांवरचं पाणी झटकलं जावं म्हणून. आपण फार तर फांद्या हातानं हलवू शकतो. मी हलवल्यात, रेनकोट घालून, आणि शेजाऱ्यांनी ते खिडकीतून पाहिलंयही. थोडा उपयोग होत असावा. पाऊस येणार म्हणून चार दिवस आधी उतरवावी तर गोड चेरी झाडावरून काढल्यावर पुढे पिकत नाही. अढीत घालून दोन दिवसांत तयार होईल, असला प्रकार नाही. जेवढी साखर झाडावर आली तेवढीच. अर्धवट गोड चेरीसारखं नीरस फळ दुसरं नाही: ना आंबट, ना गोड.

लॅपिन्स या बाबतीत स्टेलापेक्षा बरी, हे मान्य करायला हवं. मित्राकडे एकाच सरीत स्टेलाइतकी फुटलेली मी पाहिली नाही. पण ती उशिरा पिकते, म्हणजे तेवढे जास्त दिवस आभाळाकडे बघत बसायचं. शिवाय रॉबिन आणि स्टार्लिंग पक्ष्यांनाही तेवढे जास्त दिवस मिळतात. जाळी दोन्हीला लागतेच.

तोच पाऊस मॉन्टमोरेन्सीवर पडतो तेव्हा माझ्या अनुभवात अगदी थोडी फळं फुटतात. पण खरा फरक त्याहून निराळा आहे. आंबट चेरी पूर्ण पक्व व्हायच्या दोन दिवस आधी काढली तरी काही बिघडत नाही, कारण ती शेवटी साखरेबरोबर पातेल्यातच जाणार असते. हवामानाचा अंदाज बघायचा, उद्या पाऊस दिसला तर आज संध्याकाळी घरातल्या सगळ्यांनी बादल्या घेऊन उतरवून टाकायची. स्टेलाच्या बाबतीत हा पर्यायच नसतो.

पातेल्यात काय काय जातं? पाय आणि जॅम तर इथले सगळेच करतात. आमच्याकडे पहिला मान साखरांब्याला, लवंग घालून. मग वेलची आणि चिमूटभर मीठ घालून सरबताचा पाक, तो फ्रीजमध्ये बरेच दिवस टिकतो. मोहरीची डाळ, मेथी आणि हिंग घालून लोणचं होतं. ते मुरवायचं नाही, आठवड्याभरात संपवायचं. आंबट चेरीचं सारही होतं, पण ते सगळ्यांना आवडेलच असं नाही. आमच्या पिढीला लहानपणी ‘चेरी’ म्हणून केकवर जे लालभडक मिळायचं ते बहुतेकदा पाकवलेलं करवंद असायचं, तेव्हा आंबट फळ साखरेत घालायची सवय आपल्याला जुनीच आहे.

आणि एक साधा हिशेब. गोड चेरी जुलैत इथल्या कुठल्याही दुकानात ढिगानं येते, भावही उतरलेला असतो. ताजी आंबट चेरी मात्र दुकानात जवळजवळ दिसतच नाही. अमेरिकेतल्या आंबट चेरीचा मोठा वाटा याच राज्यात, ट्रॅव्हर्स सिटीकडच्या तळ्याकाठच्या बागांत पिकतो. पण फळ इतकं नाजूक की ते थेट गोठवायला, डबाबंद करायला किंवा सुकवायला जातं. मग जे विकत मिळतं त्यासाठी अंगण अडवायचं, की जे मिळत नाही त्यासाठी?

मॉन्टमोरेन्सीतही खोडी आहेत. ओल्या उन्हाळ्यात पानांवर ठिपके पडतात, पानं पिवळी होऊन ऑगस्टमध्येच गळतात. गळलेली पानं झाडाखाली राहू दिली तर पुढच्या वर्षी रोग पुन्हा तिथूनच उठतो, म्हणून शरद ऋतूत झाडलोट चुकवता येत नाही. फळ ओढलं की देठ झाडावर राहतो आणि हातात रस गळणारं फळ येतं, त्यामुळे त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी, निस्तरावं लागतं. बिया केसातल्या आकड्यानं निघतात, पण स्वयंपाकघराच्या भिंतींवर शिंतोडे उडतात ते उडतातच. ठिपक्यांच्या पंखांची एक बारीक माशी २०१० पासून मिशिगनमध्ये आहे, तीही फळात अंडी घालते. फळ झाडावर रेंगाळू न देणं हा माझा उपाय, आणि त्यानं बऱ्यापैकी भागतं. वसंतातली कळ्या गोठवणारी थंडी (फ्रॉस्ट) मात्र कुणालाच सोडत नाही. २०१२ साली मार्चमध्ये उन्हाळा आल्यासारखा झाला, कळ्या लवकर उमलल्या आणि एप्रिलमधल्या गोठवणाऱ्या थंडीनं राज्यातलं आंबट चेरीचं जवळपास सगळं पीक गेलं.

जागा अगदीच कमी असेल तर नॉर्थ स्टार बघा. मिनेसोटा विद्यापीठाची, मुळातच बुटकी जात, शिडी न लावता फळ उतरवता येतं. सरबताला गडद रंग हवा असेल तर हंगेरीहून आलेली बालाटन. मॉन्टमोरेन्सीचा गर पिवळट असतो, बालाटनचा आतूनही लाल.

गोड चेरी लावूच नका असं मी म्हणत नाही. घरात लहान मुलं असतील आणि फांदीवरून तोडून तोंडात टाकण्यातच मजा वाटत असेल तर लॅपिन्स लावा, पाऊस चुकला त्या वर्षी दिवाळी. वॉशिंग्टनच्या पूर्व भागात, याकिमाकडे, उन्हाळा कोरडा जातो. तिथे राहणाऱ्यांना माझं रडगाणं पटायचं कारण नाही. आणि गावाकडून ‘महाबळेश्वरला येईल का?’ असं विचारणाऱ्यांना: नाही येणार. मॉन्टमोरेन्सीला सात अंश सेल्सिअसखालची थंडी साधारण हजार तास लागते. भारतात चेरी खायची तर काश्मीरची मिश्री किंवा डबल शोधा.

निवड कोणतीही करा, नर्सरीत जातीइतकंच खुंटाबद्दल विचारा, म्हणजे ज्या मुळाच्या रोपावर कलम बांधलेलं असतं त्याबद्दल. इकडची माती चिकण, पाणी धरून ठेवणारी, आणि महालेब खुंटाला ते अजिबात सोसत नाही. गोड चेरी असेल तर गिसेला ५ वरचं कलम मागा, झाड निम्म्या उंचीचं राहतं आणि जाळी टाकायला सोपं जातं. मॉन्टमोरेन्सी महालेबवरच मिळाली तर जमिनीपेक्षा हातभर उंच वरंबा करून त्यावर लावा. उघड्या मुळांची रोपं हिवाळ्यातच मागवून ठेवा. एप्रिलमध्ये नर्सरीत उरतात ती बहुधा कुंडीतली महाग झाडं, आणि त्यांच्या खुंटाचं नाव विक्रेत्यालाही सांगता येत नाही.