भाजलेले नाचोज की सॉसवाले? साताऱ्यात घरी बारा जण येणार असतील तर

बारा जणांना लोडेड नाचोज, म्हणजे चीज, घेवडा असं काय काय वर घातलेले मक्याचे चिप्स, घालायचे असतील तर चीजची चर्चा नंतर करा. आधी ठरवा, मंडळी एकदम बसणार की येतील तशी खाणार? भिशीच्या बायका बहुधा वेळेवर जमतात. मॅचला बोलावलेले मित्र मात्र साडेसातपासून नऊपर्यंत येत राहतात, आणि एखादा हमखास ‘पोवई नाक्यावर आहे, आलोच’ म्हणत तासाने उगवतो. चिप्स कुरकुरीत राहण्याचा वेळ मोजका असतो. भाजलेल्या नाचोजमध्ये तो ट्रे ओव्हनबाहेर आला की सुरू होतो, सॉसवाल्यांमध्ये सॉस ताटलीत पडला की. निवड यावरच करायची.

हे दोन प्रकार जन्मलेही असेच वेगवेगळ्या गरजेतून. मेक्सिकोच्या सीमेवरच्या पिएद्रास नेग्रास गावात 1940 च्या दशकात इग्नासिओ अनाया यांनी तळलेल्या टॉर्टियाच्या (मक्याच्या पोळीच्या) तुकड्यांवर चीज घालून ते गरम केलं आणि वर मिरचीच्या चकत्या ठेवल्या. खाणाऱ्या होत्या सीमेपलीकडून आलेल्या मोजक्या बायका, एकत्र बसलेल्या. पुढे 1976 मध्ये टेक्सासमधल्या आर्लिंग्टनच्या बेसबॉल मैदानात फ्रँक लिबर्टो यांनी चिप्सवर गरम चीज सॉस ओतून द्यायला सुरुवात केली, कारण तिथं रांग होती आणि रांगेला ओव्हनसाठी थांबवता येत नाही.

ट्रेमध्ये भाजलेले

घरच्या 28-30 लिटरच्या ओटीजी ओव्हनमध्ये एका ट्रेवर 150 ग्रॅम चिप्स नीट मावतात, त्यावर 120 ग्रॅम चीज आणि तेवढाच शिजवलेला घेवडा (शेंगा नव्हे, राजम्यासारखे दाणे). नाश्त्याला माणशी 60 ग्रॅम चिप्स धरले तर बारा जणांना 700 ग्रॅमच्या आसपास लागतात, म्हणजे पाच ट्रे. प्रत्येकाला सहा-सात मिनिटं, शिवाय भरणं-काढणं. पहिला ट्रे संपतो तेव्हा शेवटचा अजून कच्चा असतो आणि यजमान स्वयंपाकघरातच अडकलेला असतो. पाच-सहा जणांसाठी मात्र यासारखा प्रकार नाही. चीजच्या कडा खरपूस होतात, ते सॉसला कधीच जमणार नाही.

ओव्हन 200 अंशावर, दोन्ही रॉड लावून, दहा मिनिटं तापवा. चिप्स एकावर एक थोडे चढवून पसरा आणि त्यावर थेट निम्मं चीज घाला. इथं बरेच जण आधी घेवडा पसरतात आणि मग तळाशी लगदा होतो. चीज वितळलं की त्याचा स्निग्ध थर घेवड्यातलं पाणी चिप्सपर्यंत पोचू देत नाही. म्हणून चीज, मग घेवड्याचे छोटे-छोटे गोळे (पसरवू नका), बारीक कांदा, मक्याचे दाणे, पुसून कोरड्या केलेल्या हालापेन्यो मिरचीच्या चकत्या, आणि वर उरलेलं चीज. दोन भाग मोझरेला आणि एक भाग प्रोसेस्ड हे प्रमाण चांगलं. नुसतं मोझरेला गार होताच रबरासारखं होतं, नुसतं प्रोसेस्ड कोरड्या आचेत नीट पसरत नाही. टोमॅटो, दही, कोथिंबीर ट्रे बाहेर काढल्यावरच.

साध्या मायक्रोवेव्हमध्ये हे करू नका. टॉपिंगमधली वाफ चिप्समध्ये शिरते आणि ते वातड होतात. कन्व्हेक्शन असेल तर चालेल. ओव्हनच नसेल तर जाड तव्यावर, मंद आचेवर, झाकणाला आतून कोरडं फडकं बांधून पाच-सहा मिनिटं ठेवा. फडकं नसेल तर झाकणाचं पाणी नेमकं चीजवर ठिबकतं.

सॉस ओतून

बारा ताटल्यांसाठी 40 ग्रॅम बटर, 40 ग्रॅम मैदा, 700 मिली दूध आणि 300 ग्रॅम प्रोसेस्ड चीज किसून. बटरमध्ये मैदा मंद आचेवर दोन मिनिटं परता, रंग बदलू देऊ नका. कोमट दूध तीन वेळा विभागून घाला, दर वेळी गुठळी मोडेपर्यंत घोटा. चमच्याच्या पाठीवर थर धरेल इतकं दाट झालं की गॅस बंद. मिनिटभर थांबा आणि मग मूठ-मूठ चीज घालत ढवळा.

चीज घातल्यावर सॉस उकळला की बिघडतो. प्रथिनं आवळतात, तूप वेगळं सुटतं आणि सगळं दाणेदार दिसतं. प्रोसेस्ड चीजमध्ये पाणी आणि स्निग्धांश एकत्र धरून ठेवणारे क्षार असतात म्हणून ते थोडं सांभाळून घेतं. चेडर असेल तर जास्त जपावं लागतं. मोझरेला इथं नकोच, सॉसऐवजी तारा होतील. फुटू लागलाच तर दोन चमचे गरम दूध घालून जोरात घोटा. मीठ शेवटी चाखून, कारण चीज खारटच असतं.

हा सॉस गरम पाण्याच्या पातेल्यात भांडं ठेवून तासभर सहज टिकतो. दहा मिनिटांनी एकदा ढवळा नाहीतर साय धरते; दाटला तर दूध. माणूस आला की 60 ग्रॅम चिप्सवर पाऊण वाटीहून कमीच, साधारण 75 मिली ओता आणि ताटली लगेच हातात द्या. पाच-सहा मिनिटांत खाऊन व्हायला हवी. एकाच मोठ्या परातीत सगळ्यांसाठी एकदम ओतणं दिसायला भारी, पण खालचे चिप्स कुणाच्याच वाट्याला धड येत नाहीत.

सहापर्यंत माणसं असतील आणि एकदम बसणार असतील तर ट्रे. दहाच्या वर किंवा वेळेचा भरवसा नसेल तर सॉस, त्यात वाद नको. मधल्या आकड्याला दोन ट्रे भाजून वरून थोडा सॉस घालायचा मोह होतो, पण ते फार जड होतं.

घेवडा, दोन्हींसाठी

राजमा चालतो, पण सातारा जिल्ह्यात असताना कोरेगावचा वाघ्या घेवडा सोडून राजमा कशाला? फिक्या गुलाबी दाण्यावर लाल पट्टे असलेल्या या घेवड्याला भौगोलिक मानांकनही आहे. मेक्सिकन पद्धतीच्या घोटलेल्या घेवड्याला जो पिंटो नावाचा घेवडा वापरतात, त्याच जातकुळीतला हा, आणि पटकन घोटला जातो. 300 ग्रॅम आठ तास भिजवा, ते पाणी टाकून द्या, कुकरला पाच शिट्ट्या करून मग मंद आचेवर दहा मिनिटं. अर्धवट शिजलेला घेवडा पोट बिघडवतो, दाणा बोटांत सहज चिरडला पाहिजे. तीन चमचे तेलात जिरं, दोन कांदे, आठ लसूण पाकळ्या आणि दोन लहान चमचे कांदा-लसूण मसाला परतून त्यात घेवडा निम्मा घोटून घाला. कढईच्या तळाला उलथण्याने ओढलेली रेघ क्षणभर तशीच राहिली की झाला. त्याआधी उतरवला तर पुढचं सगळं सादळणार.

वर घालायच्या साल्सासाठी, म्हणजे टोमॅटोच्या कच्च्या चटणीसाठी, अर्धा किलो टोमॅटो बिया काढून चिरा, मीठ लावून चाळणीत पंधरा मिनिटं निथळा, मग कांदा, मिरची, लिंबू. आंबट क्रीम विकत आणायची गरज नाही. अर्धा किलो दही तीन-चार तास टांगून चक्का करा, दोन चमचे दूध आणि मीठ घालून फेटा. चिमूटभरही साखर नको, श्रीखंडाची चव लगेच डोकावते.

चिप्स

विकतचे घेताना साधे मिठाचे घ्या, चीज-मसाल्याचे सॉसखाली नुसते खारट लागतात. पाकीट फुगलेलं असतं, वजन वाचून घ्या. घरी करायचे तर नुसत्या मक्याच्या पिठाची पोळी फाटते. मेक्सिकोत मका चुन्याच्या पाण्यात शिजवून दळतात म्हणून त्यांचं पीठ चिकटतं, आपलं कोरडं दळलेलं चिकटत नाही. दोन वाट्या मक्याच्या पिठाला एक वाटी मैदा, दोन चमचे गरम तेलाचं मोहन, मीठ, गरम पाणी. दीड मिलिमीटर जाड लाटा, काट्याने टोचे मारा, तिकोनी कापा आणि मध्यम आचेवर बुडबुडे थांबेपर्यंत तळा. टोचे विसरलात तर ते पुरीसारखे फुगतात आणि त्यावर काहीच टिकत नाही. सॉससाठी थोडे जाडच ठेवा, पातळ चिप्स उचलतानाच मोडतात.

पावसाळ्यात साताऱ्याच्या हवेत उघडं पाकीट काही तासांत सादळतं. वाढण्याआधी 150 अंशावर पाच मिनिटं किंवा कोरड्या कढईत मंद आचेवर परता आणि पूर्ण गार झाल्यावरच टॉपिंग घाला.