जिप्सीचं इंजिन, लोटस सेव्हनचं अंग: सोलापुरातले दहा महिने

जुन्या जिप्सीचं इंजिन घेऊन मी लोटस सेव्हन या छोट्या, उघड्या ब्रिटिश स्पोर्ट्स गाडीची नक्कल बनवली. गेल्या गुढीपाडव्याला ती पहिल्यांदा स्वतःच्या जोरावर शेडबाहेर आली. आता सिद्धेश्वराच्या जत्रेचा गड्डा उठतोय, म्हणजे दहा महिने झाले. मीटरवर १,४६० किलोमीटर आहेत आणि ते सगळे एका भिंतीच्या आतले. मामेभावाचं चिंचोळी एमआयडीसीत गोडाउन आहे, त्याच्या आवारात साधारण ६०० मीटरचा काँक्रीटचा फेरा आहे. रविवारी ट्रक नसतात, तेव्हा आवार आमचं.

रस्त्यावर मी ही गाडी नेत नाही. लोकांचा पहिला प्रश्न 'पासिंग कसं केलं?' हाच असतो, म्हणून हे आधी सांगतो. पासिंग केलेलं नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, कंपनीनं दिलेल्या आणि आरसीवर नोंदलेल्या तपशिलात फरक पडेल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही हेच ठामपणे सांगितलं. नवी गाडी म्हणून नोंदवायची तर तिचा नमुना एआरएआयसारख्या गाड्या तपासणाऱ्या संस्थेकडून पास करून घ्यावा लागतो, आणि ती वाट मोठ्या कंपन्यांसाठी आखलेली आहे. मी जुनी जिप्सी घेतली, तिची नोंदणी आरटीओत रीतसर रद्द केली आणि मगच तिला हात लावला. ज्याला रस्त्यावर फिरवायची हौस आहे त्यानं या वाटेला येऊ नये, असं मी अगदी मनापासून सांगतो.

सेव्हन जिथे जन्मली तिथली परिस्थिती नेमकी उलटी होती. कॉलिन चॅपमननं १९५७ मध्ये लोटस सेव्हन आणली, तेव्हा ब्रिटनमध्ये तयार गाडीवर परचेस टॅक्स लागायचा आणि सुट्या भागांच्या संचावर लागायचा नाही. म्हणून लोकांनी संच विकत घेऊन घरच्या गॅरेजात गाड्या जोडल्या. १९७३ मध्ये तिकडे व्हॅट आला, ती सवलत संपली, आणि त्याच वर्षी गाडीचे हक्क केटरहॅम या कंपनीकडे गेले. ते आजही जवळपास तीच गाडी बनवतात. घरी जोडता यावी अशीच ती आखलेली असल्यामुळे तिची नक्कल जगभर झाली. चौकोनी आणि गोल पाइपांचा सांगाडा, वर ॲल्युमिनियमचा पत्रा, पुढे इंजिन, मागच्या चाकांना ताकद. लपवलेलं काहीच नाही.

पहिल्या सेव्हनमध्ये फोर्डचं ११७२ सीसीचं साइड-व्हॉल्व्ह इंजिन होतं, ४० हॉर्सपॉवरचं. माझ्या गाडीत जिप्सी किंगचं जी१३बीबी इंजिन आहे: १२९८ सीसी, १६ व्हॉल्व्ह, एमपीएफआय (म्हणजे कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्शननं पेट्रोल), ८० हॉर्सपॉवर. स्विफ्टचं का नाही घेतलं, असं बरेच जण विचारतात. स्विफ्टचं इंजिन आडवं बसतं आणि त्याचा गिअरबॉक्स पुढची चाकं फिरवतो. आपल्याला इंजिन लांबीत हवं आणि ताकद मागे जायला हवी. जिप्सीत हे दोन्ही तयार मिळतं. शिवाय हेच इंजिन एस्टीममध्येही होतं, त्यामुळे पार्टसाठी अडून राहावं लागत नाही.

जिप्सीचा ट्रान्सफर केस, म्हणजे ताकद पुढच्या-मागच्या चाकांत वाटणारा गिअरचा डबा, गिअरबॉक्सपासून वेगळा, मधल्या एका छोट्या शाफ्टवर असतो. म्हणजे तो पूर्ण काढून टाकता येतो आणि गिअरबॉक्समधून थेट मागे शाफ्ट नेता येतो. वजन तर वाचतंच, पण आणखी एक फायदा होतो. रोजच्या हाय रेंजमध्येही त्या केसमध्ये साधारण १.४ चं रिडक्शन असतं, म्हणजे शाफ्टचा वेग तेवढ्या पटीनं कमी होतो. ते गेलं की गिअर लांब होतात, म्हणजे इंजिनच्या तेवढ्याच फेऱ्यांत गाडी जास्त पळते, आणि हलक्या गाडीला तेच हवं असतं. तोटा मात्र मला उशिरा कळला. जिप्सीचा स्पीडोमीटर चालतो तो त्याच ट्रान्सफर केसवरून! केस काढला तसा काटा मेला. त्यातून ईसीयूलाही, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरलाही, गाडीच्या वेगाचा सिग्नल मिळेना, मग एक्सलरेटर सोडला की इंजिन बंद पडायचं. दोन महिने मी आयडलच्या व्हॉल्व्हला दोष देत बसलो होतो. शेवटी शाफ्टच्या फ्लँजवर चुंबक आणि सेन्सर बसवला, तिथून ईसीयूला सिग्नल दिला, तेव्हा ते थांबलं. वेग आणि अंतर बघायला जीपीएसचं मीटर लावलंय.

सांगाडा अक्कलकोट रोडच्या एका वर्कशॉपमध्ये बनला. आमचा टॉवेलचा छोटा कारखाना आहे. लूमचे तुटके पार्ट आम्ही वर्षानुवर्षं तिथेच देतो, आणि तिथल्या अण्णांच्या हातावर माझा विश्वास आहे. २५ मिमीचा चौकोनी पाइप, १६ गेज. पहिल्या वेळी आम्ही एक बाजू पूर्ण वेल्ड केली आणि मग दुसरीकडे वळलो. थंड झाल्यावर मोजलं तर सांगाडा एका कोपऱ्यात ५ मिमी पिळला होता. अण्णा म्हणाले, "मालक, हे कापायचं. आधी सगळीकडं टाके मारू, मग इकडं थोडं, तिकडं थोडं. वेल्डिंग पाइप ओढतंय की." दोन आठवड्यांचं काम कापून टाकलं आणि पुन्हा केलं. दहा महिन्यांनी आज तिरपी मापं घेतली तर फरक १ मिमीच्या आत आहे. सगळ्या गाडीत मला सर्वात जास्त समाधान याच गोष्टीचं आहे.

आता वजन. खरं तर एवढं एक कळलं तरी पुरे. गाडी आम्ही उसाच्या वजनकाट्यावर चढवली. काटा दहा-दहा किलोनं सरकतो, त्यामुळे आकडा अगदी नेमका नसेल, पण तो आला ६४०. जिप्सी साधारण ९८५ किलोची. तेच इंजिन, तीच ताकद. टनामागं ८१ हॉर्सपॉवरवरून थेट १२५ वर. लोक येतात, बॉनेट उघडून बघतात आणि विचारतात, "किती पॉवर?" ८० म्हटलं की चेहरा पडतो. मग त्यांना मी शेजारच्या सीटवर बसवतो, हेल्मेट देतो, बेल्ट आवळतो.

ही गाडी चालवताना बूड जमिनीपासून वीतभर वर असतं. हात खाली सोडला तर काँक्रीट लागतं. आवाराच्या उत्तर टोकाला गोडाउनच्या कोपऱ्याशी एक आखूड उजवं वळण आहे. तिथे दुसऱ्या गिअरमध्ये स्टिअरिंग चार बोटं वळवलं की नाक लगेच वळतं, मधे वाट बघावी लागत नाही. पॉवर स्टिअरिंग नाही, रॅक मारुती ८०० चा आहे, आणि काँक्रीटच्या दोन स्लॅबमधला सांधासुद्धा तळहाताला कळतो. पुढची चाकं डोळ्यांसमोर वळताना दिसतात. वळण संपता संपता पाय दाबला तर मागचं टायर किंचित सरकतं, आणि ते सरकणं कमरेला आधी कळतं. वेग त्या वेळी ४५-५० असेल. माझ्या रोजच्या गाडीत त्या वेगाला काहीच जाणवत नाही. ६०० मीटरच्या आवारात दहा महिने घालवूनही मला कंटाळा आला नाही, त्याचं कारण हे आहे.

सोलापूरचा मे महिना मात्र गाडीनं पार पाडला नाही, आम्ही तिच्याकडून करून घेतला. बाहेर ४३ अंश, खाली तापलेलं काँक्रीट, आणि सेव्हनचं नाक म्हणजे एक छोटं तोंड. जिप्सीचा मूळ पंखा इंजिनच्या बेल्टवर फिरतो. तो इथे मावत नाही, म्हणून इलेक्ट्रिक पंखा लावला होता. तिसऱ्या फेरीत तापमान १०६ वर. आधी वाटलं रेडिएटर छोटा पडला. मोठा आणला, तरी तेच. दोष दोन ठिकाणी होता. रेडिएटर नाकात खाली बसतो आणि इंजिनचं डोकं त्याच्यापेक्षा उंच. कूलंट भरताना हवा डोक्यात अडकून राहायची. फायरवॉलवर (इंजिन आणि पाय यांच्या मधला पत्रा), सर्वात उंच जागी, वेगळी टाकी बसवली आणि भरणं तिथून सुरू केलं, तेव्हा हवा निघाली. दुसरं म्हणजे नाकात शिरलेली हवा रेडिएटरमधून जायचीच नाही, बाजूच्या फटीतून निसटायची. हवेला सोपी वाट दिसली की ती तिकडेच जाते. अण्णांनी रेडिएटरच्या चारी बाजूंना पत्र्याचा बोगदा केला, फटींना रबर लावलं, आणि गरम हवा बाहेर पडायला बॉनेटच्या दोन्ही कुशींना झरोके पाडले. जूनच्या पहिल्या आठवड्यात, बाहेर ४१ असताना, काटा ९४ वर थांबला आणि थांबूनच राहिला. जुना, छोटा रेडिएटर परत लावला तरीही!

पायांचा उकाडा मात्र अजून पुरता गेलेला नाही. पेडलपाशी जागा अरुंद आणि पलीकडे लगेच इंजिन. एक्झॉस्टला सिरॅमिकची पट्टी गुंडाळली, फायरवॉलला चमकी शीट लावली, तरी मे महिन्यात वीस मिनिटांच्या वर बसवत नाही. सायलेन्सर बाजूनं बाहेर जातो. उतरताना पोटरी त्याला लागली की कातडी जाते. माझी गेली आहे. आता त्यावर जाळी आहे. सीटचं काळं रेक्झिन काढून आमच्याच कारखान्याचा जाड टॉवेल शिवून बसवला. घाम शोषतो, धुता येतो, आणि मला तो दिसायलाही आवडतो.

वायरिंगला अकरा संध्याकाळी गेल्या. जिप्सीचा पूर्ण हार्नेस, म्हणजे वायरींचा जुडगा, काढून जमिनीवर पसरला, प्रत्येक वायरला चिठ्ठी लावली आणि नको ती एकेक सोडवली. कापाकापी करू नका, सोडवा. एक गोष्ट मात्र इतरांच्या उपयोगी पडेल. सुरुवातीला स्टार्टर मारला की एक्सलरेटरची केबल गरम व्हायची. कारण इंजिनपासून सांगाड्यापर्यंतची अर्थिंग पट्टी मी रंगावरच आवळली होती. करंटला वाट मिळेना, तो केबलमधून जायचा. रंग खरवडून पट्टी लावली आणि प्रश्न मिटला.

ब्रेकची काळजी सर्वांत जास्त घ्या. ब्रेकचा जोर वाढवणाऱ्या बूस्टरला जागा नाही, त्यामुळे पेडल जोरानं दाबावं लागतं. त्याची सवय होते. पण मागचे ड्रम जड जिप्सीसाठी बनवलेले आहेत. हलक्या गाडीत ते पुढच्या चाकांच्या आधी लॉक व्हायचे आणि शेपूट फिरायची. मागच्या लाइनला दाब कमी करणारा व्हॉल्व्ह टाकेपर्यंत मी ४० च्या वर गेलो नाही. रोल बार (गाडी उलटली तर डोकं वाचवणारा पाइप), चार पट्ट्यांचे बेल्ट, हेल्मेट आणि हाताशी आग विझवायचा सिलिंडर, यांतलं काहीही नसेल तर गाडी चालू करू नये. भाच्याला बसायचं आहे. तो अजून लहान आहे, मी नाही म्हणतो, आणि त्याची नाराजी सहन करतो.

मागच्या ॲक्सलला ताकद नेणारा प्रोपेलर शाफ्ट आखूड करून एका ठिकाणाहून आणला होता, बॅलन्स केल्याचं सांगितलं होतं. ६५ च्या वर सगळी गाडी थरथरायची. पुण्यातून पुन्हा बॅलन्स करून आणल्यावर शांत झाली.

सप्टेंबरच्या पावसानं आणखी एक धडा दिला. गाडी ताडपत्रीखाली होती, तरी ॲल्युमिनियमचा पत्रा जिथे लोखंडी पाइपावर बसतो तिथे पांढरी भुकटी दिसायला लागली. दोन वेगळे धातू, मध्ये ओल, मग ॲल्युमिनियम खाल्लं जातं. पत्रा बसवण्याआधी मध्ये सीलंटचा थर द्यायला हवा होता. घाईत मी तो फक्त डाव्या बाजूला दिला. डावी बाजू अजून कोरी आहे, उजवीकडचे साठेक रिव्हेट काढून पत्रा उचलावा लागला.

दिसण्यातली एक खोट मला रोज टोचते. पुढचे नकल, म्हणजे चाक ज्यावर बसतं ते भाग, मारुती ८०० चे, म्हणून चाकांना चार नट. मागचा ॲक्सल जिप्सीचा, म्हणून पाच नट आणि मोठी रिम. सेव्हनची खरी बसकण त्यामुळे येत नाही, मागचा भाग उगाच उंच वाटतो. तो ॲक्सल जडही आहे, आणि खाचेवरून जाताना मागची बाजू उडते ती त्यामुळेच.

खर्च अडीच वर्षांत ५,८५,००० झाला. त्यातली जिप्सी १,६५,००० ची. पाइप, पत्रा आणि वेल्डिंग मिळून ९०,००० च्या आसपास. पण नट-बोल्ट, होज, क्लिपा, बुश, वायर, रंग, घासायचे कागद, यांचेच १,१०,००० झाले, आणि हा आकडा मी आधी कुठेच धरला नव्हता. ज्यानं वही घालून हिशोब मांडलाय त्यानं या एका ओळीत दुप्पट रक्कम लिहावी. वेळ म्हणाल तर रात्री आठ ते दहा आणि बहुतेक रविवार. बायकोनं हे सगळं समजून घेतलं, आणि पाडव्याला गाडीला पहिला हार तिनंच घातला.

मार्चच्या उन्हाआधी दोन कामं करायची आहेत. पायाशी थंड हवा आणणारी नळी नाकातून काढायची, आणि मागे हलका ॲक्सल बसवायचा म्हणजे चारही चाकं सारखी होतील. त्याच्या ब्रॅकेटसाठी अण्णांनी पाइप कापून ठेवलेत. परवा रात्री आम्ही ते सांगाड्याला लावून बघितले, अजून टाके मारायचे आहेत.