पॉइंट गार्डच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, याच सीझनला उतरवायचं का थांबायचं? (रोझ, मरे आणि आपल्या पोरी)

बास्केटबॉल टीमची पॉइंट गार्ड, म्हणजे बॉल पुढं आणून खेळ चालवणारी पोरगी, एसीएलचं (गुडघा आतून धरून ठेवणाऱ्या शिरेचं) ऑपरेशन झालं की सात महिन्यांत कोर्टवर उतरवायची का सीझन सोडून द्यायचा, यावर दोन्ही बाजूंनी लै जोरात बोलणारी माणसं भेटतात म्हणून हे लिहायलोय. एक पार्टी म्हणते अंडर १९ चं शेवटचं वर्ष आहे, हे गेलं तर गेलं, टीम तिच्याशिवाय विभागाच्या पुढं जात नाही, आणि आता तर ती पळायलीय की. दुसरी पार्टी म्हणते गुडघा आयुष्यभर लागतो, मॅचेस काय येतच राहतात. आमच्या ताईच्या घरी, लातूरला, तिच्याच पोरीवरून या दोन्ही पार्ट्या एकाच सोफ्यावर बसतात, इकडं ताई तिकडं दाजी, आणि दोघंही पुरावा म्हणून एकाच माणसाचं नाव घेतात, डेरिक रोझ. गंमत म्हणजे दोघांचंही अर्धं अर्धं बरोबर आहे.

रोझ २०११ ला २२ व्या वर्षी एनबीएचा, म्हणजे अमेरिकेच्या मोठ्या बास्केटबॉल लीगचा, एमव्हीपी (सीझनचा सगळ्यात भारी खेळाडू) झाला, एवढ्या कमी वयात तिथं तो मान अजून कुणाला मिळालेला नाही. त्या सीझनला त्याच्या टीमनी, शिकागो बुल्सनी, ६२ मॅचेस मारल्या. पुढच्या वर्षीही टेबलात टॉपला. २८ एप्रिल २०१२, प्लेऑफची (सीझननंतरच्या बाद फेरीची) पहिलीच मॅच, समोर फिलाडेल्फिया, बुल्स १२ पॉइंटनी पुढं आणि दीड मिनिट पण उरलेलं नाही, म्हणजे मॅच खिशात, तरी रोझ कोर्टवरच. आत घुसला, दोन पायांवर थांबून उडी घ्यायला गेला आणि डाव्या गुडघ्याचं एसीएल गेलं, कुणाचा धक्का नाही का काही नाही. कोच थिबोडोनी त्याला तेव्हा बेंचवर का घेतलं नाही यावर लोक अजून भांडतात. पहिल्या नंबरचे बुल्स आठव्या नंबरच्या फिलाडेल्फियाकडून ४-२ नं हरून घरी गेले (त्यात जोकिम नोआचा घोटा पण दुखावला होता, हे सांगायचं लोक विसरतात).

आता दाजींचा मुद्दा इथंच आहे. ते म्हणतात, रोझ थांबला नव्हता का? आख्खा २०१२-१३ चा सीझन बाहेर बसला, डॉक्टरांनी मार्चमध्येच परवानगी दिल्याच्या बातम्या होत्या, लोकांनी नाही नाही ते ऐकवलं, तरी उतरला नाही. आणि मिळालं काय? पुढच्या सीझनला दहा मॅचेस झाल्या आणि २२ नोव्हेंबर २०१३ ला पोर्टलंडला उजव्या गुडघ्याचा मेनिस्कस (आतली गादी) फाटला, सीझन खलास. मग थांबून काय उपयोग?

बरोबर आहे, नुसतं थांबून उपयोग नाही. पण याच्या शेजारी जमाल मरे ठेवून बघा.

मरे, डेन्व्हर नगेट्स, १२ एप्रिल २०२१, गोल्डन स्टेटविरुद्ध मॅचच्या शेवटच्या मिनिटात रिंगकडं जाताना डाव्या गुडघ्याचं एसीएल. म्हणजे दुखापत तीच, गुडघा तोच, वेळ पण मॅच संपत आलेली. तो पण पुढचा आख्खा सीझन बसला. २०२२ च्या प्लेऑफला परत येतो का काय अशी चर्चा रोज सकाळी चालायची, आला नाही, आणि टीम त्याच गोल्डन स्टेटकडून ४-१ नं पहिल्याच राउंडला हरली. मग ऑक्टोबर २०२२ ला आला, जवळपास दीड वर्षानं. सुरुवातीला साधाच खेळला, लागोपाठ दोन दिवस मॅच असली की दुसऱ्या दिवशी त्याला बसवायचे. सीझनचं ॲव्हरेज २० पॉइंट. आणि प्लेऑफला? २६ च्या वर, लेकर्सना ४-० नं घरी पाठवलं तेव्हा तर ३२ च्या वर, आणि फायनलच्या तिसऱ्या मॅचला मायामीत मरे आणि त्याच्याच टीमचा योकिच दोघांनी एकाच मॅचमध्ये ३० च्या वर पॉइंटचा ट्रिपल डबल (पॉइंट, रिबाउंड, असिस्ट तिन्हीत दहा किंवा जास्त) ठोकला, एकाच टीमच्या दोघांनी असं त्याआधी कधीच केलं नव्हतं. नगेट्सची पहिली चॅम्पियनशिप, २०२३.

मग एकाचं वाटोळं आणि दुसऱ्याचं सोनं का झालं? नशीब आहेच, रोझची उडी, त्याचा तो वेडावाकडा स्पीड, मधेच दिशा बदलायची सवय, हे सगळं गुडघ्यावर येतंच. पण मला विचाराल तर मोठा फरक शेजारी कोण होतं हा आहे. मरे घरी बसलेला तेव्हा डेन्व्हरकडं योकिच होता, २०२१ आणि २०२२ असा लागोपाठ दोनदा एमव्हीपी झालेला. तो बॉल वाटायचा, तो स्कोअर करायचा, टीमनी त्या वर्षी ४८ मॅचेस जिंकल्या. मरे परत आला तो रिकामी जागा भरायला नाही, चालू असलेल्या टीममध्ये येऊन मिसळायला. बुल्सकडं नोआ, डेंग, बूझर, सगळी कामाची माणसं, पण शेवटच्या चार मिनिटांत बॉल कुणाच्या हातात द्यायचा याला रोझशिवाय दुसरं उत्तर नव्हतं. त्याच्याशिवाय ४५ मॅचेस जिंकून ते दुसऱ्या राउंडपर्यंत गेले खरं, पण सगळे वाट बघायलेले की एकदा का रोझ आला की झालं. असल्या टीममध्ये परत येणाऱ्याला हळूहळू खेळायची सोयच नसते. त्यामुळं किती महिने थांबायचं हे गुडघा सांगतो, पण थांबणं परवडतं का हे टीममधली दुसरी पोरगी सांगते.

घाईचं उदाहरण बघायचं तर फिलाडेल्फियाचा जोएल एम्बीड. ३० जानेवारी २०२४ ला त्याच्या डाव्या गुडघ्यावर समोरचा खेळाडू पडला, मेनिस्कस, फेब्रुवारीत ऑपरेशन, २ एप्रिलला परत कोर्टवर. दोन महिन्यांच्या आत! महिना संपायच्या आत न्यू यॉर्कविरुद्ध प्लेऑफमध्ये ५० पॉइंट, ते पण पाय ओढत. सिरीज ४-२ नं गेलीच. पुढच्या सीझनला एम्बीड फक्त १९ मॅचेस खेळू शकला, एप्रिल २०२५ ला त्याच गुडघ्याचं परत ऑपरेशन, आणि टीमनी ५८ मॅचेस हरल्या. घाईमुळंच सगळं झालं असं मी म्हणणार नाही, त्याचा गुडघा आधीपासून कुरकुरायचा, पण फिलाडेल्फियाचा आख्खा हिशोब त्या एका गुडघ्यावर होता हे तर दिसतंय. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात ते इथं अगदीच शब्दशः.

इथं एक गोष्ट नीट समजून घ्या कारण आपल्याकडं सगळ्यालाच "लिगामेंट गेलं" म्हणायची पद्धत आहे. मेनिस्कस म्हणजे गुडघ्यातली गादी. तिचा फाटलेला तुकडा कापून काढला तर चार-सहा आठवड्यांत पळता येतं, पण गादी कमी झाली ती झालीच, पुढं झीज लवकर. टाके घालून शिवली तर चार-सहा महिने जातात पण गादी राहते. एसीएल मात्र शिवत नाहीत शक्यतो, मांडीच्या मागची नाहीतर वाटीखालची शीर घेऊन नवीन बसवतात, आणि ती नवीन शीर पहिल्या काही महिन्यांत आधी कमजोर होते मग हळूहळू घट्ट होते. घोळ इथंच आहे. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात दुखणं थांबतं, सूज जाते, पोरगी जिना धडाधड उतरते, घरच्यांना वाटतं झालं बरं. आतली शीर अजून तयारच व्हायलेली असते.

आकडे सांगायचे तर अमेरिका-नॉर्वेच्या संशोधकांचा २०१६ चा एक अभ्यास आहे, त्यात असं दिसलं की नऊ महिन्यांपर्यंत जेवढे महिने जास्त थांबाल तसा दर महिन्याला गुडघा परत दुखावायचा धोका साधारण निम्म्यानं कमी होतो. सातव्या महिन्याला उतरणं आणि नवव्याला उतरणं यात फरक "दोनच महिन्यांचा" नाही मग. आणि पंचवीसच्या आतले जे परत खेळायला लागतात त्यांच्यातल्या शंभरातल्या तेवीस जणांचं एसीएल परत जातं, त्याच गुडघ्याचं नाहीतर दुसऱ्या. मुलींचं तर मुळातच मुलांपेक्षा जास्त जातं.

म्हणून ताईच्या पोरीला मी रोझचे व्हिडिओ बंद करून पेज बेकर्स बघायला सांगितलं. कनेटिकट विद्यापीठाची गार्ड. डिसेंबर २०२१ ला डाव्या गुडघ्याला फ्रॅक्चर आणि मेनिस्कस, ऑपरेशन, फेब्रुवारीअखेर परत, टीमला फायनलपर्यंत नेलं आणि तिथं हरले. मग ऑगस्ट २०२२ ला त्याच गुडघ्याचं एसीएल गेलं. यावेळी आख्खा सीझन बसली. त्या वर्षी टीम लवकर बाहेर पडली, नावं ठेवणाऱ्यांनी ठेवली. ती २०२३-२४ ला परत आली, २०२५ ला चॅम्पियनशिप जिंकली आणि डब्ल्यूएनबीएच्या (बायकांच्या एनबीएच्या) ड्राफ्टमध्ये, म्हणजे नवीन खेळाडूंच्या निवडीत, पहिला नंबर. एकाच पोरीच्या एकाच गुडघ्याच्या दोन गोष्टी आहेत, शेजारी शेजारी ठेवायला याच्यापेक्षा सोपं काय मिळणार.

आता आपल्याकडचं. तिच्या कोचसरांचं म्हणणं मला अगदीच चूक वाटत नाही. ते म्हणायलेत तिला पळवत नाही, कोपऱ्यात उभं करतो, बॉल आला की लांबून थ्री (तीन पॉइंटचा शॉट) मारायचा. कागदावर छान आहे. पण विभागाची मॅच, शेवटचा क्वार्टर, दोन पॉइंटनी मागं, आणि ती पोरगी कोपऱ्यात उभी राहणारे? जी पोरगी लंगडीत पण हरत नाही ती? शिवाय सगळीकडं कोर्ट सिमेंटचं, कुठं कुठं खडी वर आलेली, त्यावर सकाळ-संध्याकाळ दोन मॅचेस, आणि जायचं-यायचं एसटीत गुडघा दुमडून.

गेल्या आठवड्यात तिच्या फिजिओनं कोर्टवर खडूची रेघ मारून एका पायावर उडी मारायला लावली. आधी चांगला पाय, मग ऑपरेशनचा. अंतर बऱ्यापैकी आलं, नव्वद टक्क्यांच्या जवळ, आणि दाजींनी लगेच टाळ्या वाजवल्या. फिजिओ अंतर बघतच नव्हता. तो खाली वाकून गुडघा बघत होता, आणि टेकताना दर वेळी गुडघा आतल्या बाजूला पडायचा, तिसऱ्या उडीला तर तिनं तोल जाऊन हात खाली टेकला. मग टेप काढून मांडीचा घेर मोजला, ऑपरेशनची मांडी अजून दीडेक सेंटीमीटर बारीक. टाळ्या थांबल्या. एसीएल जातं ते असंच, टेकताना नाहीतर दिशा बदलताना, सरळ पळताना नाही, त्यामुळं "ती ग्राउंडला चार चक्कर मारायलीय" याला काही अर्थ नाही.

सर्टिफिकेटचा मुद्दा राहिला, आणि तो मराठवाड्यात हलका घेऊ नये. बारावीला क्रीडा सवलतीचे गुण असतात, सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, एका घराचं त्यावर भलं झालेलं आपण बघितलंय. पण आरक्षणाला राज्यात नंबर काढलेला लागतो, नुसता सहभाग तिथं फारसा कामाचा नाही. अर्ध्या गुडघ्याची पॉइंट गार्ड घेऊन टीम राज्यात नंबर काढेल असं सरांना स्वतःला वाटतं का, हे मी त्यांना विचारलं, ते हसले फक्त. उलट पुढच्या वर्षी कॉलेजला गेली की स्वारातीम (स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा) विद्यापीठाचे आंतरमहाविद्यालयीन सामने आहेत, तिथून विद्यापीठाची टीम, तो दरवाजा चार-पाच वर्षं उघडा आहे.

तर माझं मत, थांबा. एसीएल असेल, वय विशीच्या आत असेल आणि पुढं खेळायचं असेल तर नऊ महिन्यांच्या आत मॅच नको, नऊ झाल्यावर पण टेस्ट पास झाली तरच. मेनिस्कसचा तुकडा काढलाय आणि खेळाडू पुढं खेळणारच नाहीये, शेवटचं वर्ष मजेत खेळायचंय, तर डॉक्टरला विचारून उतरवा, तिथं मी अडवणार नाही. आणि कोचनी हे वर्ष वाया गेलं म्हणत बसू नये, अकरावीतली एक डावखुरी पोरगी आहे आमच्याकडं, बॉल बरा पळवते, तिला आत्तापासून रोज प्रेशरमध्ये बॉल आणायला लावायचा. मोठी परत येईल तेव्हा दोघी असतील.

आणि एवढं वाचून पण याच सीझनला उतरवायचं ठरवलं असेल तर निदान हे आधीच सरांकडून कबूल करून घ्या: एका दिवसात एकच मॅच, लागोपाठ दोन दिवस नाही, क्वार्टरला पाच मिनिटांच्या वर नाही, आणि पुढं असाल तर शेवटची दोन मिनिटं बेंचवर. बाहेर बोलावल्यावर पोरगी चिडणार, बाटली आपटणार, आपटू द्या.